पिन बसली, पण चित्र कुठंय?

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत घरात जी जी यंत्रं आली, त्यांच्या वायरी त्यात आहेत. यंत्रं कधीच भंगारात गेली, वायरी राहिल्या, कारण आईच्या मते वायर कधीतरी लागतेच. खरंच लागते. फक्त जी लागते ती नेमकी त्या डब्यात नसते.

दिवाळीच्या आधी सांगलीहून आत्याचा फोन आला. माळ्यावरचा व्हीसीआर खाली उतरवला होता, लग्नाची कॅसेट सापडली होती, आणि सगळे जमलेत तोवर ती नव्या टीव्हीवर बघायची होती.

"अगं, वायर बरोब्बर बसलीय. पण टीव्ही नुसता निळा."

"कुठे लावलीस?"

"बाजूला गोल भोक आहे ना, तिथे. एकदम फिट्ट बसली."

टीव्हीचा फोटो मागवला तेव्हा कळलं. ते भोक हेडफोनचं होतं. आत्याकडे जुन्या हँडीकॅमची वायर होती, एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-लाल-पांढरी. ती पिन हेडफोनच्या जॅकइतकीच जाड, त्यामुळे बसायला काही अडचण नव्हती. पण हेडफोनच्या भोकातून आवाज बाहेर येतो. तिथून चित्र आत जात नाही. टाकीतलं पाणी जिथून बाहेर पडतं, त्याच नळातून टाकी भरायला निघावं, तसं झालं होतं.

वायरींच्या बाबतीत आपली नव्वद टक्के फसगत इथेच होते. आपण आकार बघतो. पिन बसली की काम झालं असं वाटतं, आणि विजेच्या प्लगच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही असतं, म्हणून सवय लागलेली असते. व्हिडिओच्या वायरींत मात्र आकार सारखा आणि आतला माल वेगळा, किंवा आकार वेगळा आणि आतला माल तोच, असे दोन्ही प्रकार सर्रास असतात. म्हणून आधी विचारायचं ते हे, की यातून वाहतंय काय आणि कुठून कुठे.

आत्याला मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "काही करू नकोस, मी येताना डबी घेऊन येते." पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले, एव्हीवरून (जुन्या यंत्रांच्या तीन रंगीत पिना) एचडीएमआय (नव्या टीव्हीची चपटी पिन) करणारी डबी मागितली, दुकानदाराने पुढे ठेवली, पैसे दिले, पिशवीत टाकली. सांगलीला जाऊन उघडली तेव्हा लक्षात आलं की मी उलटी डबी आणलीय.

या दोन डब्या दिसायला जुळ्या बहिणी असतात. तेवढाच चपटा प्लॅस्टिकचा चौकोन, एका बाजूला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन गोल सॉकेट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयचं सॉकेट, कडेला विजेसाठी छोटं भोक. एक डबी जुन्या यंत्राचं चित्र नव्या टीव्हीवर आणते. दुसरी नव्या यंत्राचं चित्र जुन्या टीव्हीवर नेते. फरक फक्त वर छापलेल्या अक्षरांच्या क्रमात: एव्ही टू एचडीएमआय की एचडीएमआय टू एव्ही. सॉकेटशेजारी बारीक अक्षरांत इनपुट किंवा आउटपुट लिहिलेलं असतं. व्हीसीआरसाठी पिवळ्या सॉकेटजवळ इनपुट हवं. माझ्या डबीवर तिथे आउटपुट होतं. उलटी डबी उलटी लावून चालत नाही, हे सांगून ठेवते, कारण तिथे जमलेल्या प्रत्येकाने मला तेच सुचवलं.

का चालत नाही? व्हीसीआर चित्र पाठवतो ते विजेच्या चढउतारांच्या रूपात, ज्याला ॲनालॉग म्हणतात. दाब जास्त तर ठिपका उजळ, कमी तर गडद. एचडीएमआय पाठवते आकडे. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल किती, हिरवा किती, निळा किती. चढउतार मोजून त्यांचे आकडे करायचं काम एका चिपचं, आकड्यांवरून चढउतार घडवायचं काम दुसऱ्याच चिपचं. भाषांतर करणारा माणूस मराठीतून कानडीत करत असेल, तर त्याला कानडीतून मराठीत येईलच असं नाही. आणि चिप आहे म्हणजे तिला वीज लागणार, म्हणून डबीला मोबाइलच्या चार्जरची वायर लावावी लागते.

याच कारणाने बाजारात मिळणारी एक वस्तू कधीही घेऊ नका: एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला थेट तीन रंगीत पिना, मध्ये काहीच नाही. नुसतं तांबं चढउतारांचे आकडे करू शकत नाही. ही वायर बनते, विकली जाते, लोक घेतात, आणि ती व्हीसीआर आणि टीव्ही यांच्यात कधीच चालत नाही.

आता त्या पिवळ्या वायरीबद्दल थोडं, कारण बिचारीने फार वर्षं ओझं वाहिलंय. पांढरी आणि लाल या डाव्या-उजव्या आवाजाच्या. पिवळी एकटी संपूर्ण चित्राची. तिच्यात उजेड आणि रंग एकाच तारेत कालवलेले असतात. त्याला इतिहास आहे. रंगीत प्रक्षेपण आलं तेव्हा घराघरांत ब्लॅक अँड व्हाइट संच होते, आणि त्यांच्यावरही तोच कार्यक्रम दिसायला हवा होता. म्हणून काळं-पांढरं चित्र होतं तसं ठेवून रंगाची माहिती त्यातच सरकवली गेली. भारतात दूरदर्शनवर १९८२ मध्ये एशियाडच्या सुमारास रंग आला तो याच, पाल नावाच्या पद्धतीने. कालवलेलं परत वेगळं करताना गोंधळ होतो. निवेदकाने बारीक चौकड्यांचा कोट घातला की त्यावर इंद्रधनुष्य नाचायचं, आठवतंय? तो कोटाचा दोष नव्हता. बारीक रेघांना टीव्ही रंग समजून बसायचा.

पुढे उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून नेणारी एस-व्हिडिओ आली, चार बारीक सुयांची गोल पिन. त्याही पुढे हिरवी-निळी-लाल अशा तीन तारांची कंपोनंट, जिच्यातून हाय डेफिनिशनही जातं. तिचा ताप एवढाच की तिची लाल पिन आणि आवाजाची लाल पिन सारख्याच दिसतात, आणि पाच वायरी एकदम लावताना दोन लालांची अदलाबदल हमखास होते. चित्राला हिरवट झाक आणि एका बाजूचा आवाज गायब असं झालं, तर आधी लाल पिना बघा.

गंमत म्हणजे पिवळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी, सगळ्यांची पिन एकच. दुकानात तिला आरसीए म्हणतात, रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीवरून. रंग फक्त आपल्या सोयीसाठी. पिवळी वायर हरवली असेल तर तीन जोडांच्या लाल वायरीतूनही चित्र जातं. दोन्ही टोकांना तीच वायर योग्य सॉकेटात असली म्हणजे झालं.

नव्या टीव्हींत ही गोल सॉकेटं मावेनाशी झाली म्हणून काही कंपन्यांनी एकच बारीक भोक दिलं, शेजारी एव्ही इन असं लिहून. त्यासाठी लागणारी पिन ओळखायची असेल तर तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या मोजा. साध्या हेडफोनच्या पिनेवर दोन पट्ट्या असतात, म्हणजे धातूचे तीन तुकडे: डावा आवाज, उजवा आवाज आणि अर्थिंग. एव्हीच्या पिनेवर तीन पट्ट्या, चार तुकडे, चौथा चित्राचा. पण कोणता तुकडा कशाचा, यावर कंपन्यांचं एकमत नाही. त्यामुळे एका कंपनीच्या कॅमेऱ्याची वायर दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला लावली की चित्राऐवजी भुणभुण ऐकू येते. दुसऱ्या टोकाच्या तिन्ही पिनांची अदलाबदल करून बघा, कधीकधी लाल पिन पिवळ्याच्या जागी लावली की चित्र येतं. नाही आलं तर अर्थिंगचाच तुकडा वेगळा आहे, मग टीव्हीसोबत आलेलीच वायर लागणार. ती टीव्हीच्या खोक्यात पिशवीत असते, आणि खोकं आपण फेकून दिलेलं असतं.

आता एचडीएमआय. या चपट्या, दोन कोपरे कापलेल्या पिनेचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये आला. सोनी, पॅनासॉनिकची मूळ कंपनी मात्सुशिता, तोशिबा, हिताची, फिलिप्स अशा सात कंपन्यांनी मिळून तो केला. आत १९ टोकं. त्यातली बारा चित्र आणि आवाज वाहतात. उरलेल्या सातांत खरी मजा आहे, कारण त्यांतूनच दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात.

वायर लावल्याबरोबर टीव्ही आपली पत्रिका पाठवतो: माझा पडदा इतक्या ठिपक्यांचा, सेकंदाला इतकी चित्रं झेपतात, आवाजाचे हे हे प्रकार कळतात. पलीकडचं यंत्र ती वाचून त्याप्रमाणे पाठवायला लागतं. पत्रिका पोहोचलीच नाही, तर ते अंदाजाने काहीतरी पाठवतं किंवा गप्प बसतं. टीव्ही बंद करून चालू केल्यावर, वायर काढून परत लावल्यावर चित्र येतं ते म्हणूनच. बोलणी पहिल्यापासून सुरू होतात. त्यानंतर दुसरी परीक्षा कॉपी-संरक्षणाची. एचडीसीपी नावाचं हे कुलूप साखळीतल्या प्रत्येक यंत्राला उघडता यायला हवं. टीव्ही नवा, त्याला लावलेली इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक नवी, पण मध्ये वायरी वाटून देणारा जुना स्विच किंवा जुना साउंडबार असेल, तर ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा सिनेमा साध्या दर्जाचा दिसतो किंवा पडदा काळा राहतो. आपण वायर बदलत बसतो आणि वायरीचा काही संबंधच नसतो.

दुकानात सर्वांत जास्त लूट केबलच्या नावांवर होते. २.० केबल, २.१ केबल, ८के गोल्ड. हे एचडीएमआयच्या आवृत्त्यांचे आकडे: १.४ ही २००९ मधली, २.० ही २०१३ मधली, २.१ ही २०१७ मधली. पण हे आकडे यंत्रांच्या क्षमतेचे आहेत, वायरीचे नाहीत. वायरीची वर्गवारी तिच्यातून सेकंदाला किती माहिती न सांडता जाते त्यावर ठरते. हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक, गिगाबिट म्हणजे असे अब्ज), प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. शेवटच्या दोन प्रकारांच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं, एचडीएमआयच्या ॲपने तपासता येतं.

आपल्याला किती लागतं, याचा हिशेब कागदावर होतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. झाले साधारण ३ गिगाबिट. वर आकडे बांधून पाठवण्याचा आणि दोन चित्रांमधल्या मोकळ्या वेळेचा खर्च धरला की साडेचारच्या आसपास. म्हणजे सेट टॉप बॉक्ससाठी साधी हाय स्पीड वायर पुरून उरते. ४के पडद्यावर ठिपके चौपट, ८२,९४,४००. सेकंदाला ६० चित्रं धरली तर सगळं मिळून १८ गिगाबिटच्या काठावर जातं. तिथे प्रीमियम हवी. ४८ ची गरज ४के चित्र सेकंदाला १२० वेळा दाखवणाऱ्या गेमिंग कन्सोलला पडते. घरात प्लेस्टेशन ५ नसेल आणि कोणी ८केच्या केबलचा आग्रह धरत असेल, तर तो आपल्या नव्हे, त्याच्या दिवाळीचा विचार करतोय.

महागड्या वायरीने चित्र सुधारतं का? नाही. इथे आकड्यांचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. जुन्या अँटेनाच्या काळात वायर जरा खराब असली तर चित्रात मुंग्या यायच्या, सावल्या दिसायच्या, थोडी बरी असली तर मुंग्या कमी. हळूहळू बिघडायचं. आकड्यांत तसं होत नाही. शून्य किंवा एक वाचता आला तर चित्र शंभर टक्के, नाही आला तर तो ठिपका गेला. म्हणून एचडीएमआयची वायर खराब असली की रंग फिके होत नाहीत. पडद्यावर पांढऱ्या चांदण्या चमकतात, दर दोन-चार मिनिटांनी चित्र क्षणभर जातं आणि परत येतं, किंवा सिग्नल नाही अशी पाटी येते. "या केबलने काळा रंग जास्त खोल दिसतो" असं कुणी सांगत असेल तर हसून पुढच्या दुकानात जावं. सोन्याच्या मुलाम्याचं म्हणाल तर तो गंज धरत नाही एवढा त्याचा उपयोग. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तो असलेला बरा, पण आता बऱ्याच साध्या वायरींवरही असतो.

लांबी मात्र खरीखुरी महत्त्वाची. साध्या तांब्याच्या वायरीतून १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत बहुतेक वेळा सुखरूप जातात. फुल एचडी त्याच्या दुप्पट अंतरही जाईल. हॉलच्या मागच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून दहा-बारा मीटर वायर न्यायची असेल आणि चित्र ४के हवं असेल, तर आत काच-तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिच्या दोन टोकांना दोन वेगळी नावं छापलेली असतात, यंत्राकडचं टोक आणि पडद्याकडचं टोक. आत विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करणाऱ्या चिपा आहेत, त्यामुळे ती एकाच दिशेने चालते. माझ्या ओळखीच्या एका घरात ती भिंतीत उलटी घातली गेली, वर पीओपी झालं, रंग झाला, आणि मग प्रोजेक्टर आला.

घराचं काम चालू असेल तर भिंतीत वायर पुरूच नका, पाइप पुरा. इलेक्ट्रिशियन सवयीने पाऊण इंची पाइप टाकतो. त्यातून वायर जाते, एचडीएमआयचं डोकं जात नाही; प्लॅस्टिकसकट ते साधारण दोन सेंटीमीटर रुंद असतं. निदान दीड इंची पाइप मागा, वळणं काटकोनात न घेता गोलाकार घ्यायला सांगा, आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकं बाहेर ठेवा. दहा वर्षांनी पिनेचा आकार बदलेल, दोरी कामाला येईल.

बारीकसारीक आकारांत फार अडकू नका. कॅमेऱ्याला असते ती मिनी एचडीएमआय, त्याहून लहान ती मायक्रो. आत तोच माल, नुसता अडॅप्टर लावला की काम होतं. जुन्या मॉनिटरची पांढरी, भरपूर सुयांची डीव्हीआय पिन बघून लोक घाबरतात, पण तिचं डिजिटल चित्र आणि एचडीएमआयचं चित्र एकाच पद्धतीचं. दोन पिनांचा स्वस्तातला जोड पुरतो, चिप नको, वीज नको. फक्त आवाजाची वेगळी सोय करावी लागते. आकार अगदी परके, आणि आत सख्खी भावंडं. याउलट निळी, पंधरा सुयांची व्हीजीए. शाळेतल्या प्रोजेक्टरला असते तीच. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पिन ॲनालॉग आहे, म्हणजे एचडीएमआयवरून तिच्यावर यायला चिपवाला अडॅप्टर लागतो. तो लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून येणाऱ्या विजेवर जगायचा प्रयत्न करतो. पण तिथे मिळण्याची हमी ५ व्होल्टला ५५ मिलीॲम्पिअरची, म्हणजे चिमणीचा घास. म्हणून काही अडॅप्टर मध्येच मान टाकतात. बाजूला विजेचं भोक असलेला घ्या.

ही वीज यंत्राकडून टीव्हीकडे जाते, टीव्हीकडून यंत्राकडे नाही. टीव्हीच्या मागे लावायच्या स्टिकला वेगळी विजेची वायर का लागते, याचं उत्तर त्यात आहे. आणि टीव्हीच्या यूएसबीवर ती चालवून मध्येच बंद पडत असेल तर तिच्या स्वतःच्या चार्जरवर लावा. यूएसबीवरून आठवलं: टीव्हीचं यूएसबी भोक पेनड्राइव्हसाठी असतं. लॅपटॉपमधून यूएसबी वायर काढून तिथे लावली तर चित्र येत नाही. दर उन्हाळ्यात मला हे कोणी ना कोणी विचारतं.

सगळ्यात मोठा गोंधळ सध्या टाइप-सीचा आहे. वर-खाली कशीही बसणारी ती छोटी लंबगोल पिन. लॅपटॉपला आहे, मोबाइलला आहे, टॅबला आहे. मग टाइप-सीवरून एचडीएमआय करणारी वायर घेतली की मोबाइल टीव्हीवर दिसणार, बरोबर? दिसेलच असं नाही. टाइप-सी हे भोकाचं नाव आहे, आत काय सोडलंय ते कंपनीवर. काही मोबाइलांच्या भोकातून फक्त चार्जिंग आणि सावकाश चालणारी जुनी यूएसबी २.० येते. चित्र यायला यंत्रात डिस्प्लेपोर्ट (संगणकाकडून मॉनिटरला चित्र नेणारी जोडणी) ऑल्ट मोड नावाची सोय असावी लागते, आणि स्वस्त फोनांत ती सहसा नसते. कुठलाही अडॅप्टर ती बाहेरून घालू शकत नाही. लॅपटॉपवर भोकाशेजारी डी आणि पी या अक्षरांचं चिन्ह किंवा विजेचा बाण असेल तर चित्र मिळतं. मोबाइलचं तांत्रिक माहितीपत्रक उघडून यूएसबीच्या रकान्यात डिस्प्लेपोर्ट शब्द शोधा. नसेल तर वायरीवर पैसे घालवू नका, वायफायवरून चित्र पाठवा. शिवाय फोनसोबत येणारी दोन्हीकडे टाइप-सी असलेली पांढरी वायर बहुतेकदा चार्जिंग आणि त्याच जुन्या यूएसबी २.० पुरतीच असते. लॅपटॉपला टाइप-सी मॉनिटर त्या वायरीने जोडलात तर चार्जिंग होईल, पडदा काळाच राहील. बाहेरून दोन्ही वायरी डिट्टो सारख्या.

डिस्प्लेपोर्टचंही तेच, दिशा पाळावी लागते. बऱ्याच संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरजेप्रमाणे एचडीएमआयची बोली बोलतो, म्हणून संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि टीव्हीकडे एचडीएमआय असलेली स्वस्त वायर चालते. सेट टॉप बॉक्सचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट जोडायला तीच वायर फिरवून लावाल तर चालणार नाही. तिथे वीज घेणारा कन्व्हर्टर हवा.

साउंडबारचं प्रकरण त्या मानाने सोपं, पण चुकतं सगळ्यांचंच. टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय भोकांपैकी सहसा एकावरच एआरसी किंवा ईएआरसी असं छापलेलं असतं. साउंडबार तिथेच लावायचा. या एका भोकातून आवाज उलट, टीव्हीकडून बाहेर जातो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय, चालू करायचं, आणि ते सीईसी या नावाने सापडणार नाही. सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. नाव वेगळं, काम एकच. टीव्हीला एआरसी नसेल तर फक्त आवाज नेणारी ऑप्टिकल वायर आहेच. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही पिन अजून टिकून आहे. हिच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. ती काढायची. दिसत नाही, म्हणून तशीच कोंबली जाते, आणि मग पिन बसत नाही म्हणून सॉकेटचं झाकण मोडतं. एक टोक टीव्हीला लावा, आणि दुसरं साउंडबारला लावायच्या आधी तळहातावर धरा. टीव्ही चालू असेल तर लाल ठिपका दिसतो. वायर जिवंत असल्याचा तेवढा पुरावा पुरे.

एक सूचना मात्र गंभीरपणे. वायर काढता-घालताना दोन्ही यंत्रं मुख्य बटणाने बंद करा. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं, वर गच्चीवरून आलेली केबलची किंवा डिशची तार. सेट टॉप बॉक्सच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तीच वीज एचडीएमआयच्या नाजूक चिपेतूनही जाणार, आणि ते भोक एकदा जळलं की दुरुस्ती मदरबोर्डपर्यंत पोहोचते. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला डिशची तार बॉक्समधून काढून ठेवणारी माझी आजी अशिक्षित होती, पण तिच्या हयातीत आमचा एकही बॉक्स जळला नाही.

आत्याच्या कॅसेटचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सांगलीतच बरोबर डबी मिळाली. व्हीसीआरच्या मागे फक्त दोन सॉकेटं होती, पिवळं आणि पांढरं, कारण जुने बरेचसे व्हीसीआर एकेरी आवाजाचे. लाल पिन मोकळीच लोंबत ठेवली. सनई एकाच बाजूने वाजणार होती, त्याला इलाज एका पिनेचे दोन करणारा जोड, पण त्यासाठी परत बाजारात जायची कोणाची तयारी नव्हती. आधी कॅसेटचं झाकण उचलून फितीवर पांढरी बुरशी नाही ना ते पाहिलं. बुरशीची फीत घातली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढची कॅसेटही बिघडते. डबीला चार्जर लावला, डबीतून एचडीएमआय टीव्हीच्या दुसऱ्या भोकात, रिमोटवर तेच इनपुट निवडलं.

चित्र आलं. मंडप, अक्षता, मुंडावळ्या, सगळं थोडं धुरकट, कारण व्हीएचएसच्या फितीवर मुळात आडव्या दिशेने २४० रेषांइतकाच तपशील असतो आणि पडदा होता पंचावन्न इंची. त्यावर डबी काही जादू करत नाही. सगळे गप्प होऊन बघत होते. दोन मिनिटांनी आत्या चष्मा पुसून पुढे सरकली.

"अगं, लग्नात मी एवढी जाड नव्हते."

नव्हतीच. कॅसेटचं चित्र चारास तीनचं, टीव्ही सोळास नऊचा, आणि डबीने ते दोन्ही कडांपर्यंत ताणून भरलं होतं. वऱ्हाडी, भटजी, आत्या, सगळे रुंदीला तिसऱ्या हिश्श्याने वाढले होते. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ४:३ निवडलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मधोमध आत्या सडपातळ झाली.

"हं," ती म्हणाली, "आता पहिल्यापासून लाव."